तिशीनंतरचा विद्यार्थी आणि युरोपातील आरोग्य विमा

युरोपातील विद्यापीठात शिकायला जाणाऱ्याला प्रवेशपत्र, व्हिसा आणि पैशांची तरतूद या तीन गोष्टींइतकीच आणखी एक गोष्ट सक्तीची असते, आणि ती म्हणजे आरोग्य विमा. विशीतल्या विद्यार्थ्याचा हा प्रश्न बहुधा एका अर्जात सुटतो. परंतु ज्याने तिशी ओलांडली आहे, काही वर्षे नोकरी केली आहे, ज्याच्यावर जोडीदाराची व मुलांची जबाबदारी आहे आणि ज्याला कदाचित मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे, त्याच्या बाबतीत तोच प्रश्न देशाच्या निवडीपासून कुटुंबाच्या खर्चापर्यंत सगळीकडे पोहोचतो. युरोपात विद्यार्थ्याच्या वयाकडे पाहण्याची एकच रीत नाही. काही देशांत विम्याच्या कायद्यातच तिसाव्या वर्षाची रेघ ओढलेली आहे, तर काही देशांत वय विचारलेही जात नाही. म्हणूनच प्रौढ विद्यार्थ्याने विद्यापीठ निवडण्याच्या आधी त्या देशाचा विम्याचा नियम पाहणे आवश्यक ठरते.

मराठवाड्यातील उशिराचे शिक्षण

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे उच्च शिक्षणाचा दुसरा टप्पा अनेकांच्या वाट्याला उशिरा येतो. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींमुळे पदवी हाती पडताच नोकरी धरण्याची सोय आहे, आणि घरची शेती, धाकट्या भावंडांचे शिक्षण, बहिणीचे लग्न, घराचे कर्ज अशा जबाबदाऱ्या मार्गी लागेपर्यंत अभियंत्याचे वय सहज बत्तीस-पस्तीसच्या घरात जाते. घराण्यात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्यांच्या बाबतीत हा विलंब आणखी वाढतो.

तोवर आजारपणाची तजवीज तीन आधारांवर झालेली असते. पहिला आधार शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाचा, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो आणि जेथे अल्प खर्चात उपचार मिळतात. दुसरा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा, जी राज्य शासनाने २०२३ मध्ये सर्व कुटुंबांसाठी खुली करून वार्षिक संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढवले. आणि तिसरा नोकरीचा, म्हणजे २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असणाऱ्यांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना, तर त्यावरील वेतनदारांसाठी बहुधा कंपनीने काढलेला गट विमा. हे तिन्ही आधार भारताच्या सीमेत चालतात, आणि त्यांतला तिसरा तर राजीनामा स्वीकारला जाताच संपतो. परदेशी जाणारा प्रौढ विद्यार्थी, म्हणजे, विम्याच्या बाबतीत पुन्हा आरंभरेषेवर येतो, आणि तेही वयाने मोठा झाल्यावर.

नोकरी व संसार सांभाळून युरोपात शिकायला जाण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकपद सोडून १९२० मध्ये अर्धवट राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी लंडनला परतले तेव्हा ते २९ वर्षांचे, विवाहित होते. साठवलेला पगार, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पैसे यांवर त्यांचे शिक्षण चालले. १९२२ मध्ये त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवले, तेव्हा त्यांच्या वयाला ३१ वर्षे पूर्ण झाली होती. त्या काळी जर्मनीत १८८३ च्या कायद्याने आणि ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्याने आलेला आरोग्य विमा मुख्यतः कामगारांसाठी होता. परदेशी विद्यार्थ्याने आजारी पडू नये, हीच त्याची एकमेव तरतूद होती. जर्मनीत विद्यार्थ्यांना सक्तीच्या आरोग्य विम्यात आणणारा कायदा १९७५ मध्ये झाला. परंतु आजच्या नियमानुसारही एकतिसाव्या वर्षी भारतातून थेट बॉनला पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यार्थ्यांसाठीचा सवलतीचा विमा मिळाला नसता. ज्यांनी १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने याच शहरात महाविद्यालय उभे केले, आणि ज्यांचे नाव येथील विद्यापीठ धारण करते, त्यांच्या उदाहरणावरून उशिरा सुरू झालेल्या शिक्षणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

जर्मनी : तिसाव्या वर्षाची रेघ

भारतीय विद्यार्थ्यांचा ओढा अलीकडे जर्मनीकडे मोठा आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तेथे ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांमध्ये त्यांची संख्या सर्वाधिक होती. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसल्यामुळे खर्चाचा हिशेब राहणीमान आणि विमा या दोन बाबींभोवतीच फिरतो. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येईल अशा बँकखात्यात, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. म्हणजे महिन्याला ९९२ युरो. विम्याचा हप्ता याच रकमेतून जातो.

जर्मनीत आरोग्य विम्याच्या दोन शाखा आहेत. पहिली सार्वजनिक शाखा ‘क्रांकनकासे’ नावाच्या स्वायत्त निधींमार्फत चालते. तिच्यात सभासदाचा हप्ता त्याच्या आजारांवर ठरत नाही, पूर्वीपासूनच्या आजारामुळे प्रवेश नाकारला जात नाही, आणि डॉक्टरचे बिल थेट निधीकडे जाते. दुसरी खासगी शाखा असून तिच्यात वय, प्रकृती आणि निवडलेले संरक्षण यांनुसार हप्ता ठरतो. मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीसाठी नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला वयाची ३० वर्षे पूर्ण होईपर्यंत सार्वजनिक शाखेचा विद्यार्थी-दर मिळतो, आणि तीस वर्षे ज्या सत्रात पूर्ण होतात त्या सत्राच्या अखेरपर्यंत तो टिकतो. २०२५ मध्ये शुश्रूषा विम्यासह, म्हणजे दीर्घकालीन परावलंबित्वासाठीच्या सक्तीच्या जोडविम्यासह, हा हप्ता दरमहा सुमारे १४० युरो होता. भाषावर्गाला किंवा प्रवेशपूर्व वर्गाला जाणाऱ्यांना मात्र हा दर लागू होत नाही.

या रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे उभे असण्यातला फरक केवळ हप्त्याचा नाही. एकोणतिसाव्या वर्षी पोहोचून सार्वजनिक निधीचा सभासद झालेल्या विद्यार्थ्याचे सभासदत्व तिशीनंतर ऐच्छिक स्वरूपात पुढे चालू राहू शकते. त्याचा हप्ता वाढून २५० युरोंच्या आसपास जातो, परंतु दार उघडे राहते. एकतिसाव्या वर्षी भारतातून थेट येणाऱ्याला तेच दार बहुधा बंद असते, कारण ऐच्छिक सभासदत्वासाठी सामान्यतः आधीच्या सार्वजनिक विम्याचा कालावधी दाखवावा लागतो आणि भारतातील विमा त्यासाठी मोजला जात नाही. आजारपण वा अपत्यजन्म यांसारख्या कारणांमुळे शिक्षण लांबल्यास कायद्यात अपवाद आहेत, परंतु त्यांची छाननी कठोर असते आणि नोकरी करीत होतो हे कारण सहसा मान्य होत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यानेही एक काळजी घेतली पाहिजे : स्वस्त खासगी विम्याच्या मोहाने सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, तर ती त्या शिक्षणाच्या काळात मागे घेता येत नाही.

कुटुंबवत्सल विद्यार्थ्यासाठी फरक आणखी ठळक आहे. सार्वजनिक शाखेत ‘कुटुंब विमा’ नावाची सोय आहे, जिच्यामुळे अत्यल्प उत्पन्न असलेला जोडीदार आणि मुले यांना वेगळ्या हप्त्याविना संरक्षण मिळते. खासगी शाखेत प्रत्येक व्यक्तीचा हप्ता वेगळा भरावा लागतो. याच सोयीचा उलट दिशेनेही उपयोग होतो. पती वा पत्नी जर्मनीत नोकरी करून सार्वजनिक निधीची सभासद असेल, तर उत्पन्नाच्या मर्यादेत राहणारा विद्यार्थी-जोडीदार वयाचे बंधन न लागता तिच्या किंवा त्याच्या कुटुंब विम्यात समाविष्ट होऊ शकतो. पतीपत्नींपैकी एकाला नोकरीची आणि दुसऱ्याला शिक्षणाची संधी असेल, तर कोणी आधी जावे हे ठरवताना ही तरतूद ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पीएचडी करणाऱ्यांचे गणित निराळे आहे. विद्यार्थी-दर त्यांना मिळत नाही; परंतु संशोधन साहाय्यक म्हणून विद्यापीठाशी नोकरीचा करार झाला, तर ते इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे सार्वजनिक विम्यात येतात आणि तिशीची रेघ तेथे पुसली जाते. केवळ शिष्यवृत्तीवर संशोधन करणाऱ्यांनी मात्र शिष्यवृत्ती देणारी संस्था विमा उतरवते का, हे आधीच विचारून घ्यावे. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, म्हणजे डाड, आपल्या शिष्यवृत्तिधारकांच्या विम्याची व्यवस्था करते.

ज्यांना खासगी विम्याशिवाय पर्याय नाही, त्यांनाही नावनोंदणीपूर्वी एखाद्या सार्वजनिक निधीशी संपर्क साधावाच लागतो, कारण विद्यार्थी सार्वजनिक विम्यास पात्र नाही ही सूचना निधीकडूनच संगणकीय पद्धतीने विद्यापीठाला जाते आणि तिच्याविना नावनोंदणी अडते. असे विद्यार्थी पदवीनंतर नोकरीला लागले की सामान्यतः सार्वजनिक शाखेत येऊ शकतात. परंतु पदवी आणि नोकरी यांमधल्या शोधाच्या काळात त्यांना खासगी विमाच चालू ठेवावा लागतो, हे खर्चाच्या अंदाजात धरले पाहिजे.

वय न विचारणारे देश

फ्रान्सने या बाबतीत मोठा बदल केला. तेथे विद्यार्थ्यांसाठी वेगळी सामाजिक सुरक्षा योजना होती आणि तिला वयोमर्यादा होती. २०१८ च्या कायद्याने ती योजना मोडीत निघाली आणि सप्टेंबर २०१९ पासून सर्व विद्यार्थी सर्वसाधारण राष्ट्रीय योजनेत आले. भारतीय विद्यार्थ्याची नोंदणी आता विनामूल्य होते आणि वयाची अडचण येत नाही. ही योजना संपूर्ण खर्च मात्र उचलत नाही. कुटुंबवैद्याच्या तपासणीची फी ३० युरो असेल, तर तिच्या ७० टक्क्यांतून २ युरोंची ठरावीक वजावट होऊन १९ युरो परत मिळतात, आणि तेही विद्यार्थ्याने आपला नेहमीचा डॉक्टर कोण हे रीतसर कळवले असेल तर. उरलेल्या रकमेसाठी ‘म्युच्युएल’ नावाचा पूरक विमा घेतला जातो. चष्मा आणि दातांचे उपचार यांसाठी प्रौढ विद्यार्थ्याला त्याची गरज अधिक भासते.

ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो, जो विद्यार्थ्यांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड आहे. वर्षभराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी व्हिसा बहुधा सव्वा वर्षाहून अधिक मुदतीचा असतो, म्हणून दीड वर्षाचे १,१६४ पौंड एकरकमी द्यावे लागतात. त्यानंतर राष्ट्रीय आरोग्य सेवेचे दार तेथील रहिवाशांप्रमाणेच उघडते. अठ्ठावीस वर्षांचा असो वा अठ्ठेचाळीस वर्षांचा, रक्कम तीच, आणि जुना आजारही आड येत नाही. जानेवारी २०२४ पासून मात्र संशोधनपर अभ्यासक्रम व शासकीय शिष्यवृत्त्या वगळता विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेता येत नाही.

इटलीत राष्ट्रीय आरोग्य सेवेत ऐच्छिक नोंदणी करता येते. तिचे विद्यार्थ्यांसाठीचे शुल्क सुमारे १५० युरोंवरून २०२४ मध्ये ७०० युरो झाले, आणि ते जानेवारी ते डिसेंबर या वर्षासाठी असल्यामुळे सप्टेंबरमध्ये पोहोचणाऱ्याने तेव्हाच नोंदणी केली, तर चार महिन्यांसाठी पूर्ण रक्कम जाते. स्वीडनमध्ये एक वर्षाहून अधिक मुदतीच्या शिक्षणासाठी आलेल्याला रहिवासी क्रमांक मिळाला की तेथील सार्वजनिक आरोग्यसेवा स्थानिकांच्याच दरात मिळते. आयर्लंड युरोपबाहेरील विद्यार्थ्यांकडून खासगी विमा मागते, ज्यात अपघात आणि आजारपण यांसाठी प्रत्येकी किमान २५,००० युरोंचे संरक्षण असावे लागते.

नेदरलँड्समध्ये विद्यार्थी नुसता शिकतो की कामही करतो, यावर सारे अवलंबून आहे. केवळ शिक्षणासाठी तात्पुरता आलेला तिशीच्या आतला विद्यार्थी तेथील सक्तीच्या मूलभूत विम्याच्या कक्षेबाहेर असतो. परंतु आठवड्याचे थोडे तासही पगारी काम सुरू केले की तो विमा बंधनकारक होतो आणि न घेतल्यास दंड होऊ शकतो. तिशीनंतर हा सरधोपट अपवाद लागू होत नाही, आणि विद्यार्थी तेथील रहिवासी ठरतो का, याचा निर्णय सामाजिक विमा बँक परिस्थिती पाहून करते. मूलभूत विम्यातही बहुतेक उपचारांसाठी वर्षाचे पहिले ३८५ युरो रुग्णाला स्वतः भरावे लागतात.

पॉलिसीतील बारीक अक्षरे

ज्या देशांत प्रौढ विद्यार्थ्याला खासगी विमाच घ्यावा लागतो, तेथे पॉलिसीचा दस्तऐवज अथपासून इतिपर्यंत वाचणे हाच खरा बचाव आहे. दरमहा ३०-४० युरोंत मिळणारी पॉलिसी बहुधा प्रवास विम्याच्या जातीची असते. तिची मुदत ठरावीक वर्षांची असते, आणि पूर्वीपासूनचे आजार, प्रतिबंधक तपासण्या, मानसोपचार व गर्भारपण यांना ती वगळते किंवा त्यांवर मर्यादा घालते. एखाद्या चौतीस वर्षांच्या मधुमेही विद्यार्थ्याने अशी पॉलिसी घेतली, तर पाय मोडल्यावर शस्त्रक्रियेचा खर्च मिळेल, पण इन्सुलिन, तपासणीच्या पट्ट्या आणि साखर वाढून रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास येणारे बिल त्याच्याच खिशातून जाईल. शिवाय निवास परवान्याचे नूतनीकरण करणारे कार्यालय असा विमा अपुरा ठरवू शकते. शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी लागणारे ३०,००० युरोंचे संरक्षण पुढच्या दोन वर्षांसाठीही चालेल, हा समज याच ठिकाणी महागात पडतो.

आजार लपवून स्वस्त विमा घेण्याचा सल्ला देणारे भेटतात; त्यांचे ऐकू नये. मोठा दावा आला की विमा कंपनी जुने वैद्यकीय कागद मागवते, आणि लपवाछपवी उघड झाल्यास दावा तर बुडतोच, पॉलिसीही रद्द होते. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरकडून आजाराचा इंग्रजी गोषवारा, चालू औषधांची मूळ रासायनिक नावे व मात्रा आणि लसीकरणाची नोंद घ्यावी, कारण भारतातील औषधाचे बाजारी नाव युरोपातील औषधविक्रेत्याला ओळखीचे असेलच असे नाही.

घरच्या बाजूची तयारी

भारतीय विमा कंपन्याही परदेशी शिक्षणासाठी पॉलिसी देतात. त्यांचा हप्ता कमी असतो, परंतु त्यांतील अनेकांना स्वतःची वयोमर्यादा असते आणि युरोपातील विद्यापीठे वा सरकारी कार्यालये त्या मान्य करतीलच असे नाही. म्हणून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत. तितकेच महत्त्वाचे म्हणजे भारतातील वैयक्तिक वा कौटुंबिक पॉलिसी खंडित होऊ देऊ नये. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये पूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी कमाल तीन वर्षांवर आणला असला, तरी पॉलिसी बंद पडली तर तो पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. नोकरी सोडणाऱ्याने कंपनीचा गट विमा वैयक्तिक पॉलिसीत रूपांतरित करता येतो का, हे राजीनाम्यापूर्वीच विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर शून्य झाल्याने हा खर्च काहीसा हलका झाला आहे, आणि मागे राहणाऱ्या आईवडिलांचा व मुलांचा आधारही याच पॉलिसीवर असतो.

शिष्यवृत्तीच्या मार्गाने जाणाऱ्यांसाठी परिस्थिती थोडी अनुकूल आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी ३५ आणि पीएचडीसाठी ४० वर्षांपर्यंत मिळू शकते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही ३५ वर्षांपर्यंतच्यांसाठी आहे. दोन्हींत आरोग्य विम्याच्या खर्चाचा समावेश आहे. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस या संयुक्त पदव्युत्तर शिष्यवृत्तीला वयोमर्यादा नाही, आणि विद्यार्थ्याचा विमा हा त्या कार्यक्रमाचाच भाग असतो.

येथेच धोरणातली एक फट दिसते. आपले शासन पस्तिशीच्या आणि चाळिशीच्या विद्यार्थ्याला न्याय्य हेतूने परदेशी पाठवते, कारण सामाजिक व आर्थिक अडचणींमुळे त्याचे शिक्षण लांबलेले असते हे शासनाला ठाऊक आहे. परंतु तोच विद्यार्थी जर्मनीत उतरला की तिसाव्या वर्षाची रेघ त्याला पूर्ण आजारसंरक्षण देणाऱ्या व्यवस्थेबाहेर ठेवते. म्हणून विम्याच्या नावाने केवळ एखादी रक्कम मंजूर करणे पुरेसे नाही. शिष्यवृत्तीच्या मंजुरीसोबतच, निवडलेल्या देशात त्या वयाला कोणता विमा मिळतो, त्यात जुना आजार व कुटुंब समाविष्ट होते का आणि त्याचा प्रत्यक्ष खर्च किती, याचे मार्गदर्शन समाजकल्याण कार्यालयातून व विद्यापीठातून मिळाले पाहिजे, आणि खासगी विम्याचा वाढीव हप्ता शिष्यवृत्तीने पूर्णपणे उचलला पाहिजे. मराठवाड्यातील ज्या विद्यापीठांतून आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून हे विद्यार्थी बाहेर पडतात, त्यांच्या परदेशी शिक्षण कक्षांनी प्रवेश परीक्षांच्या माहितीइतकीच विम्याची माहिती देणे अवघड नाही. उशिरा शिकायला निघालेल्या माणसाने आपली नोकरी, बचत आणि कुटुंबाची काही वर्षे पणाला लावलेली असतात; एका रुग्णालयाच्या बिलामुळे ते सारे वाया जाऊ नये, एवढी तजवीज त्याने स्वतः आणि त्याला पाठवणाऱ्या समाजाने मिळून केली पाहिजे.